अजिनाथनं उचललेला भंडारा

आपल्याकडं माणसाचा शब्द पक्का करायचा तर स्टॅम्पपेपर लागत नाही, खंडोबाचा भंडारा लागतो. तळहातावर बेलाचं पान घ्यायचं, त्यावर चिमूटभर भंडारा, आणि म्हणायचं, खोटं बोललो तर देव बघून घेईल. सोसायटीच्या निवडणुकीत मेंबर फुटू नयेत म्हणून गाडीत बसवण्याआधी हाच भंडारा उचलायला लावतात. फुटायचे ते उचलूनही फुटतात, पण ती पुढारी माणसं, त्यांना देवही ओळखून असतो. साध्या माणसानं भंडारा उचलला की मात्र समोरचा गप्प बसतो. त्यापुढं विचारायचं म्हणजे देवाचीच उलटतपासणी.

अजिनाथनं भंडारा उचलला तो एका सॉफ्टवेअरसाठी. हसू येईल, पण झालं तसंच.

बीडमध्ये मोहनरावांचा क्लास कुणालाही विचारा, दाखवतील. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं जिल्हाभरातून तिथं येतात. वर वर्ग, खाली ऑफिस. ऑफिसात प्रवेशाचं टेबल, पालकांना फोन करणाऱ्या बायकांची रांग, प्रश्नपत्रिका टाइप करणारी माणसं. सगळे कॉम्प्युटर एकाच जाळ्यात जोडलेले, आणि ते जाळं सांभाळायचं काम अजिनाथचं. प्रिंटर रुसला, नेट गेलं, उंदरानं वायर कुरतडली, की चहूकडून त्याच्याच नावाचा पुकारा व्हायचा.

वडवणीकडच्या खेड्यातला हा पोरगा. दसरा झाला की आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्याकडं निघायचे आणि हा वसतिगृहात मागं राहायचा. क्लासात मुलाखतीला आला तेव्हा अंगातला शर्टसुद्धा उसना होता. मोहनरावांनी विचारलेल्या निम्म्या गोष्टी त्याला येत नव्हत्या, आणि त्यानं तसं सरळ सांगितलं. फोनच्या टेबलाची मुख्य सुरेखाताई तिथंच बसली होती. ती म्हणाली, "सर, येत न्हाई ते येत न्हाई म्हणतंय हे पोरगं. असलं माणूस शोधून घावत न्हाई. ठिवा त्याला." तेव्हापासून ती त्याची ताई. दुपारी तिच्या डब्यातली पहिली भाकरी त्याच्या हातावर पडायची.

गेल्या उन्हाळ्यात कुठल्याशा पेनड्राइव्हमधून व्हायरस घुसला आणि टाइप करून ठेवलेल्या प्रश्नपत्रिका गेल्या. मोहनराव लालबुंद झाले. म्हणाले, असं परत होता कामा नये, सगळ्या मशीनवर एकाच जागेवरून लक्ष पाहिजे, काय लागेल ते आणा. अजिनाथला एकच माणूस आठवला, भागवत.

भागवत आणि तो वसतिगृहात एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. दिवाळीला वसतिगृह रिकामं व्हायचं, अजिनाथचे आईबाप फडात असायचे, तेव्हा भागवत त्याला आपल्या घरी न्यायचा. भागवतची आई दोघांना एकाच पाटावर बसवून उटणं लावायची. आता भागवतनं बसस्टँडमागं दुकान टाकलं होतं, पुण्याच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं जिल्ह्यात बसवून द्यायचा. मित्राला काम मिळावं, क्लासचंही भलं व्हावं, म्हणून अजिनाथनंच त्याला बोलावून आणलं. स्वतःच्या हातानं, हे त्याला पुढं फार लागलं.

भागवतनं समजावून सांगितलं. सर्व्हरवर एक मुख्य सॉफ्टवेअर बसतं, आणि प्रत्येक मशीनमध्ये त्याचा एक छोटा एजंट. गावातला कोतवाल तालुक्याला खबर पोचवतो तसा हा एजंट मुख्य सॉफ्टवेअरला खबर देतो. कुठली डिस्क भरत आली, कुठलं मशीन तापलं, कुणी अनोळखी पेनड्राइव्ह लावला.

"स्क्रीनबिन दिसती का बे यात?" अजिनाथनं विचारलं होतं.

"त्याचं सॉफ्टवेअर येगळं. हे नुसतं तब्येतीचं हाय."

"नक्की?"

"आईच्यान. माझ्यावर भरोसा न्हाई का तुझा?"

ज्या आईनं आपल्याला उटणं लावलं तिची शपथ. अजिनाथ वरमला. खरं तर मुख्य पासवर्ड मागून घेऊन, एकेक पान उघडून त्यानं स्वतः बघायला हवं होतं. पण पासवर्ड भागवतनं 'सपोर्टला लागतो' म्हणून स्वतःकडं ठेवला आणि अजिनाथला दुय्यम लॉगिन दिलं. मित्राकडं किल्ली मागायची म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं होतं, असं या भाबड्याला वाटलं. शिकलेलं माणूसही मैत्रीत अडाणी होतं ते असं.

एजंट बसवायच्या सकाळी ऑफिसात कुजबुज सुरू झाली. नजर ठेवायला आणलंय, काय टाइप करतो ते सरांना दिसणार. फोनच्या टेबलावरच्या बायकांनी तर मशीनला हात लावू द्यायला नकार दिला. अजिनाथनं परोपरीनं सांगितलं, "अवो, डॉक्टर नाडी बघतो, खिसे न्हाई तपासत. तसलं हाय हे." कुणी ऐकेना. मग टायपिंगच्या टेबलावरून पंडित उठला. पंडित क्लासातला जुना माणूस, एरवी तोंडातली मिठाची गुळणी न सोडणारा. तो मोठ्यानं म्हणाला, "एवढी खात्री हाय तर भंडारा उचल की. मग आमी कुणी काय बोलत न्हाई."

मोहनरावांचं कुलदैवत खंडोबा. ऑफिसच्या दारात फळीवर देवाचा फोटो, पुढं भंडाऱ्याची डबी, येणारा जाणारा कपाळाला लावून पुढं जायचा. बेल फोटोला वाहिलेलाच होता. अजिनाथनं चपला काढल्या, पान घेतलं, भंडारा घेतला. सगळं ऑफिस उभं राहिलं. तो म्हणाला, "या सॉफ्टवेअरमधून कुणाचं काम, कुणाचं बोलणं, कुणाला दिसणार न्हाई. खोटं असंल तर खंडोबा मला बघून घिईल." सुरेखाताईनं तोच भंडारा त्याच्या कपाळाला लावला. "झालं," ती बायकांना म्हणाली, "आता बसवू द्या त्याला."

आणि सॉफ्टवेअर कामाचं निघालं, खोटं कशाला बोला. निकालाच्या मशीनची डिस्क बसणार हे त्यानं आधीच सांगितलं, निकाल वाचले. चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या मंजुळाबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, त्यांनी त्या दिवशी अजिनाथला पेढा दिला. एकच गोष्ट त्याला खटकली होती. कुणी काम करत नसलं तरी प्रत्येक मशीनमधून सर्व्हरकडं भरमसाट डेटा वाहताना आलेखात दिसत होता. तब्येतीची खबर ती केवढीशी असते? त्यानं भागवतला फोन लावला. भागवत म्हणाला, "सुरवातीला असंच असतंय बे, नंतर बसतंय ते." अजिनाथनं फोन ठेवला आणि तो आलेख बघायचाच सोडून दिला.

पावसाळा सरता सरता करिष्माचं प्रकरण झालं. करिष्मा फोनच्या टेबलावरची सगळ्यात लहान पोरगी. तिला दिवस गेले, सातवा लागला, तसं मोहनरावांनी तिला घरी बसवलं आणि परत यायची गरज नाही म्हणून निरोप धाडला. बायकांच्या जिवाला ते लागलं. आज तिच्यावर आलं, उद्या कुणावरही येईल. टेबलावर मोबाईल वापरायला बंदी, म्हणून बायकांचं व्हॉट्सअ‍ॅप ऑफिसच्याच मशीनवर उघडं असायचं. तिथंच त्यांचं ठरायला लागलं. गुणवंतांच्या सत्काराला जिल्ह्यातले पालक येणार होते. त्या दिवशी हॉलच्या दारात सगळ्यांनी मिळून उभं राहायचं आणि पालकांसमोर सरांना विचारायचं, करिष्माला परत घेणार का नाही. चारचौघात सर नाही म्हणू शकणार नाहीत.

सुरेखाताईनं आधी अजिनाथला विचारलं होतं. "इथं लिवलं तर चालतंय ना रे? करिष्माचा प्रश्न हाय."

"बिनधास्त लिवा ताई. भंडारा उचललाय मी."

सत्काराच्या आदल्या दिवशी मोहनरावांनी एकेकीला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. जिनं जे लिहिलं होतं तेच शब्द तिला ऐकवले, अगदी हसऱ्या चित्रांसकट. बाहेर येणारी प्रत्येकजण पांढरीफटक होऊन आली आणि खाली मान घालून फोन करायला बसली. सुरेखाताईला आणि तिच्याबरोबर दोघींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सत्कार थाटात झाला. दारात फक्त रांगोळी होती.

त्या दिवसापासून अजिनाथच्या टेबलावर कुणी चहा ठेवला नाही. तो आला की बोलणी थांबायची. डबा खायला बसला की बाकीच्यांचं जेवण नेमकं उरकलेलं असायचं. मंजुळामावशी एकदा त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "कुंपणच शेत खायला लागल्यावर राखण कुणाची करायची?" अजिनाथ कळवळला. आपली काही चूक नाही अशी त्याची खात्री होती. सॉफ्टवेअर निर्मळ आहे, बायकांतलीच कुणीतरी फुटली असणार, असं तो पंडितला सांगायला गेला. पंडितनं त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

मग एका सकाळी मोहनरावांनीच त्याला केबिनमध्ये बोलावलं. "माझं मशीन फार हळू चाललंय, बघ जरा." आणि ते खुर्चीवरून उठले.

अजिनाथ बसला आणि हात माउसवर तसाच राहिला. पडद्यावर चौकटीच चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत ऑफिसातला एकेक कॉम्प्युटर, जसाच्या तसा, हलता. एकीत प्रश्नपत्रिका टाइप होत होती. एकीत मावशी नातवाचे फोटो बघत होत्या. खाली कोपऱ्यात त्याच्याच सॉफ्टवेअरचं नाव. आणि पहिल्याच रांगेत एक चौकट त्याच्या स्वतःच्या मशीनची.

"सर, हे..."

"अरे हां, तुला यातलं ठाऊक नाही." मोहनराव जराही कचरले नाहीत. "भागवत म्हणाला होता, अजिनाथला सांगू नका, तो शपथेचा माणूस आहे. आता कळलंच आहे तर हरकत नाही. मशीन तेवढं नीट कर, घाई नाही."

अजिनाथ तिथून उठला तो तडक बसस्टँडमागं गेला. भागवत दुकानात राउटर उघडून बसला होता. अजिनाथला बघून त्यानं दुसरा स्टूल पायानं पुढं सरकवला, नेहमीसारखा.

"कावून केलं बे असं?" अजिनाथचा आवाज फाटला. "आईची शपथ घेतलीस तू."

"बस आधी."

"न्हाई बसत. तू सांग."

भागवतनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हे बघ, धंदा हाय. सरांना स्क्रीन बघायचीच होती. मी न्हाई बसवलं तर दुसऱ्यानं बसवलं असतं. पण नुसतं बसवून काय उपेग? लोकांना जरा जरी शंका आली, की लोक मशीनवर बोलतच न्हाईत. मग सरांनी काय बघायचं, टायपिंग? लोकांनी मोकळं बोलायला पायजे होतं. त्याला कुणाचा तरी शब्द लागत होता, आन् आख्ख्या क्लासात शब्द एकट्या तुझाच चालतो."

अजिनाथला समजायला वेळ लागला. "म्हंजे भंडारा..."

"पंडितला मीच सांगितलं, उठून भंडाऱ्याचं काढ म्हणून. त्याच्या पोराला सरांनी फुकट घेतलंय क्लासात."

अजिनाथ भिंतीला टेकला. म्हणजे ज्या सकाळी आपण देवापुढं उभे राहून सगळ्यांचा संशय फेडला असं त्याला वाटलं होतं, ती सकाळ या दुकानात आधीच ठरली होती. सॉफ्टवेअर पुण्याहून आलं, एजंट भागवतनं बसवले, आणि जाळ्यातला शेवटचा, सगळ्यात पक्का एजंट तो स्वतः होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"मला एका शब्दानं सांगायचं तरी," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू भंडारा उचलला असता का? म्हणून तर न्हाई सांगितलं." भागवतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आन् तू कुठं खोटं बोललास? तुला जे म्हायती होतं तेच बोललास. देव तुझ्यावर कोपायचा न्हाई, झोप निवांत."

अजिनाथनं तो हात झटकला. मारावंसं वाटत होतं, शिव्या द्याव्याशा वाटत होत्या, पण तोंडातून भलतंच आलं. "तुझ्या आईनं मला उटणं लावलंय रे," तो म्हणाला, आणि रडू फुटायच्या आत दुकानाबाहेर पडला. समोर सुरेखाताईच्या गावची, नेकनूरची गाडी लागली होती, तीत चढला.

सुरेखाताई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. त्याला बघून उठली नाही. पाण्याचा तांब्या मात्र पुढं केला. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, भागवतचं, पंडितचं, चौकटींचं. ती ऐकत राहिली, हात चालूच.

"तू खोटं बोलला न्हाईस हे मला ठावं होतं," शेवटी ती म्हणाली. "पण त्याचं मी काय करू? बायका लिवायला भेत होत्या. मीच त्यांना म्हणलं, अजिनाथनं भंडारा उचललाय, लिवा बायांनो. त्या दोघी आता माझ्या दारात येऊन विचारत्यात, ताई, तू कुणाच्या भरवशावर आमाला बुडवलं? मी त्यांना काय तुझ्या मित्राचं नाव सांगू?"

"ताई, मी सगळ्यांना खरं काय ते सांगतो. उद्याच."

"तोंडानं?" तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं वर बघितलं. "तुझ्या तोंडाचंच तर हे समदं झालं. आता सांगू नको काही. दाखवता आलं तर दाखव."

गाडीत परतताना तिचं शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. नोकरी जाईल याची त्याला भीती वाटत होती, आणि घरी त्या नोकरीवर किती जण अवलंबून आहेत हेही ठाऊक होतं. पण जिच्या डब्यातली भाकरी खाल्ली तिचं तोंड बंद झालं होतं आणि आपलं तोंड कुणी ऐकणार नव्हतं. गप्प राहिलो तर भागवतचं काम आपणच पुढं चालवतोय, एवढं त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मोहनराव वर पालकांच्या बैठकीत होते. अजिनाथ केबिनमध्ये गेला. मशीन नीट करायचं काम त्यांनीच दिलेलं, त्यामुळं कुणी अडवलं नाही. चौकटींची खिडकी उघडीच होती. बाहेर ऑफिसच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता, त्यावर दिवसभर गुणवंतांचे फोटो फिरायचे. तो टीव्हीही त्याच जाळ्यातला. अजिनाथनं केबिनची स्क्रीन टीव्हीला जोडली आणि बाहेर येऊन भिंतीशी उभा राहिला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग टायपिंगच्या टेबलावरचा एकजण टीव्हीकडं बघून थबकला. त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. हळूहळू सगळ्या माना वळल्या. मंजुळामावशी खिडकी सोडून पुढं आल्या, परत गेल्या, आणि आपला माउस इकडून तिकडं हलवून बघितला. भिंतीवर त्यांच्या चौकटीतला बाण तसाच इकडून तिकडं गेला. त्यांनी माउसवरचा हात चटका बसल्यासारखा उचलला.

"हे सरांच्या केबिनमधलं हाय," अजिनाथ एवढंच म्हणाला.

कुणी आरडाओरडा केला नाही. फोन वाजत होते ते कुणी उचलले नाहीत. फोनच्या टेबलावरच्या एकीनं खाली वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि टीव्हीवर तिची चौकट काळी झाली. मग दुसरीनं केलं. मग प्रवेशाच्या टेबलानं. चौकटी एकामागून एक विझत गेल्या. पंडित बराच वेळ तसाच बसून राहिला आणि मग त्यानंही बटण दाबलं. माणसं चपला घालून बाहेरच्या पायऱ्यांकडं निघाली. जिन्यावरून मोहनरावांचा आवाज आला, "कोण आहे रे खाली? हे फोन का वाजतायत?"

अजिनाथ वाट बघत उभा होता. आता तरी कुणी त्याच्याकडं पूर्वीसारखं बघेल, एखादा पाठीवर थाप मारेल, असं त्याला मनातून वाटत होतं. माणसं त्याच्या शेजारून गेली, धक्का लागणार नाही एवढं अंतर ठेवून. सगळ्यात शेवटी मंजुळामावशी निघाल्या. त्या त्याच्यासमोर थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"तू लबाडी केली न्हाईस, हे कळलं, बाळा," त्या म्हणाल्या. "पण आता तू खरं बोललास तरी आमाला असंच भिंतीवर बघावं लागंल."

आणि पिशवी काखेत मारून त्या बाहेर गेल्या.